दोन कानांचा मग

आई, बाबांना आता पेला धरवत नाही.

होळीपर्यंत तसं ठीक चाललं होतं. हात थरथरायचे, धोतरावर चहाचे डाग पडायचे, पण पेला ओठांपर्यंत पोचायचा. आता तो वाटेतच निम्मा रिकामा होतो आणि उरलेला बाबा स्वतःच खाली ठेवून देतात, जणू त्यांना नकोच होता. आपल्या घरातल्या भांड्यांना कान नाहीत हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. पेले, फुलपात्रं, गडू, वाट्या, सगळी गोल आणि गुळगुळीत. हातात जोर आहे तोवर ती आपली, नंतर ती कुणाचीच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी मिळणारा चहा आणून पाहिला, तो पुरव्यात, पिऊन फोडून टाकायच्या मातीच्या पेल्यात, येतो आणि पुरव्यालाही कान नसतात. चमच्याने पाजायला गेले तर म्हणाले, "तोंडाशी चमचा धरायला मी काय बाळकृष्ण आहे?" औषधाच्या दुकानातून चोचीची प्लास्टिकची बाटली आणली, तर ती उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारलं, "रांगायला केव्हापासून लावणार आहेस?" तू असतीस तर हसली असतीस. मलाही आधी हसू आलं. पण आता चैत्र संपत आलाय, दुपारी गल्लीतल्या फरशा तापतात, आणि बाबा दिवसभर म्हणतात, तहान नाही. ओठांना भेगा पडल्यात. डॉक्टर परवा जिना चढून आले, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की पोटात पाणी गेलं नाही तर दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागेल, आणि या वयात एकदा नेलं की परत आणणं सोपं नसतं. दाराआडून बाबांनी ते ऐकलं असणार. कारण मी आत आले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेत होते.

त्याच दुपारी मी तुझं कपाट पुसत होते. पुसायला तसं काही नसतं, पण तुझी सवय माझ्या हातांना लागली आहे. राजाच्या चेहऱ्याचा मग, तीनकोनी टोपीच्या लालबुंद म्हाताऱ्याचा मग, मिशा भिजू नयेत म्हणून आतून पट्टी असलेला तो मिशाळ साहेबाचा मग, सगळे एकेक करून उतरवायचे, फडकं फिरवायचं, नखानं वाजवून पाहायचे आणि परत ठेवायचे. तूच शिकवलंस की चांगला मग खणखणीत बोलतो आणि आतून तडकलेला ठसका लागल्यासारखा. काठावरून बोट फिरवायचं, टवका उडाला असेल तर डोळ्यांआधी बोटाला कळतं. तसं करता करता तो हातात आला. गुलाबी झाक असलेला, बाहेरून जहाजाचं चित्र, आत तळाशी भिंतीला चिकटून बसलेला मातीचा बेडूक, आणि दोन्ही बाजूंना दोन मोठे कान. मी तशीच उभी राहिले. इतकी वर्षं मी त्या बेडकाकडेच पाहत होते गं. कान दोन आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तो घेऊन बाबांकडे गेले. म्हटलं, "बाबा, हा बघा. याला दोन कान आहेत. दोन्ही हातांनी धरता येईल."

त्यांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली. "ठेव तो जागेवर."

"सोवळ्याचं म्हणत असाल तर..."

"चुलीत गेलं सोवळं," बाबा म्हणाले. जन्मभर इतरांना सोवळं सांगणारा हा माणूस असं म्हणाला. "सोवळ्याचं काय घेऊन बसलीस? मी तुझ्या आईला शब्द दिलाय."

तेव्हा मला तो शब्द आठवला. पण तिथे जायच्या आधी मला थोडं मागे जाऊ दे. तुझ्याशी बोलताना मला सरळ रस्ता कधीच सापडला नाही.

पहिला मग तू ग्वाल्हेरहून लग्नाच्या ट्रंकेत घालून आणलास, हे मी तुझ्याच तोंडून अनेकदा ऐकलं आहे. कुठल्याशा राजाच्या राज्यारोहणाला शाळेतल्या मुलांना वाटलेला, तुझ्या वडिलांना मिळालेला. बनारसमधल्या दूधविनायकाच्या या घरात चिनी मातीचं भांडं त्याआधी आलंच नव्हतं. तांब्या-पितळेला चिंच लावली की ते शुद्ध, मातीचा पुरवा एकदा उष्टा झाला की फोडून टाकायचा. पण ही चिनी माती मधलीच, तिला घासून उष्टं जात नाही आणि फोडायला जीव धजत नाही. आणि या मगाला तर शाळकरी पोरांची तोंडं लागलेली. बाबा तेव्हा नवे नवरदेव होते, यजमानांचे विधी करून नुकते स्वतःच्या पायावर उभे राहत होते. तुझं तोंड पडलेलं त्यांना बघवेना. तेव्हा त्यांनी स्वतःच एक निर्णय दिला, जो कुठल्याही पोथीत नसावा. गंगेत बुडवून आण, म्हणाले, गंगेत गेलं ते शुद्ध. पण यापुढे त्यात काही ओतायचं नाही. ओतलं नाही तर उष्टं होणार नाही, उष्टं झालं नाही तर घरात राहायला हरकत नाही. तू 'बरं' म्हणालीस. त्या एका 'बरं'वर तू सगळं कपाट भरलंस.

तुला चित्रकलेच्या बाईंची नोकरी नदीपलीकडच्या रामनगरच्या शाळेत लागली आणि तिथल्या बाजारात तुला तो कबाडी सापडला. जुन्या कोठ्या आणि बंगले रिकामे झाले की आरसे, दिवे, खुर्च्या लोक आधी उचलायचे, आणि ज्याचं कुणाला काही सुचायचं नाही ते त्याच्याकडे यायचं. शनिवारी अर्धा दिवस शाळा, म्हणून तू मला बरोबर न्यायचीस. दुकानात अंधार असायचा, जुन्या लाकडाचा आणि उंदरांचा वास असायचा. त्या दिवशी त्याने पोत्यातून हा मग काढला आणि तुझ्यासमोर वाकडा करून धरला.

"बहिनजी, भित्तर देखा. मेढक बइठल हौ. चाय पियबू त निकली. ना पियबू त बेचारा बइठल रही."

चहा प्यालात तर बेडूक बाहेर येईल, नाहीतर बिचारा बसूनच राहील, असं त्याचं म्हणणं. तू आत पाहिलंस आणि लहान मुलीसारखी हसलीस. तो सांगत होता की साहेब लोक मित्राची गंमत करायला असा मग भरून द्यायचे. पिता पिता तळाशी बेडूक दिसला की पाहुणा किंचाळायचा. तुला ते फार आवडलं. परतताना नावेत तू तो वर्तमानपत्रातून सोडवलास आणि मांडीवर घेऊन बसलीस. थंडीतली दुपार होती, पाणी हलत नव्हतं, नाव पुढे जातेय की घाटच आपल्याकडे सरकतायत ते मला कळेना. तू मग उन्हासमोर धरलास तेव्हा काठाची माती तुझ्या बोटांसकट उजळली. नावाडी वल्हं थांबवून बघत होता. तू कुणाशीच बोलत नव्हतीस. मला तेव्हा वाटलं होतं की आपण आता घरी जाणारच नाही, अशाच पाण्यावर बसून राहू, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नव्हतं. अजूनही कधी डोळा लागता लागता मी त्याच नावेत असते.

मुन्शी घाटावर उतरल्यावर तू नेहमीप्रमाणे खालच्या पायरीवर बसलीस आणि मग पाण्यात बुडवलास. तो भरला, बेडूक दिसेनासा झाला. नंतर तू तो हळूहळू कलता करत गेलीस. पाणी उतरलं, आधी डोळे वर आले, मग पाठ, आणि तू मला म्हणालीस, "आला बघ! आला!" ते पाणी जाऊन गंगेला मिळालं. तू पदराने मग कोरडा केलास आणि आपण घरी आलो. त्यानंतर तू त्या बेडकावर कधी काही ओतलं नाहीस. सगळ्या आयुष्यात त्याला आणि तुला मिळालं ते तेवढंच.

बाकीच्या दुपारी मी शाळेतून आले की तू कपाटापाशी असायचीस. तू मला सांगायचीस कोणत्या मगातून कोण प्यालं असेल. हा कॅन्टोन्मेंटमधल्या एका मेमसाहेबाचा, तिला इथल्या उन्हात झोप येत नसे आणि ती याच्यातून थंड दूध प्यायची. हा मिशाळ साहेबाचा, त्याची मिशी गेली आणि मग मागे राहिला. काही खरं नव्हतं त्यातलं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. साऱ्या बनारसमध्ये लोक पिऊन पुरवे फोडत होते, घराबाहेर पडलं की पायांखाली खापरं वाजायची, आणि तू वरच्या खोलीत कधीही न फुटणारे, कधीही न भरणारे पेले पुसत बसायचीस. मला ते किती विचित्र आहे हे तेव्हा वाटलं नाही. आया अशाच असतात असं वाटायचं.

एकदाच तू मला रागावलीस. कैरीचे दिवस होते, मी पन्हं केलं होतं, आणि तू घाटावर गेलेली पाहून मी ते बेडकाच्या मगात ओतलं. ओठाला लावणार तेवढ्यात तू दारात. तू ओरडली नाहीस. माझ्या हातातून मग काढून घेतलास आणि म्हणालीस, "ज्याचं त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. मी तुझ्या बाबांना 'बरं' म्हटलंय." पण तू ते लगेच ओतून दिलं नाहीस. खिडकीशी जाऊन उभी राहिलीस आणि पिवळ्या पन्ह्यात पाहत राहिलीस, कितीतरी वेळ. नंतर ते तुळशीला घातलंस. तुझा चेहरा मी बाजूने पाहिला होता. तुला प्यायचं होतं, आई. मी लहान होते, पण तेवढं मला कळलं.

बाबांना मात्र ते कधी कळलं नाही. बायकोच्या मनातलं त्यांना कळायचंच, पण नेमकं उलटं. तू तुझे मग जपतेस म्हणजे तुला ते कुणी वापरलेले चालायचे नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत झाली. स्वतः घातलेला नियम तुझाच आहे असं त्यांना वाटू लागलं. आणि त्यातूनच तुझ्या दहाव्याला ते झालं.

तुला तिथून काही दिसलं का मला ठाऊक नाही, म्हणून सांगते. दादाने पिंड ठेवले, आम्ही बाजूला झालो, आणि कावळा शिवेना. घाटाच्या कठड्यावर कावळे बसलेले होते, तिरप्या मानेने बघत होते, पण एकही खाली येईना. लोक म्हणू लागले, काहीतरी राहिलंय मनात, बोला. दादाने हात जोडून सांगितलं, बाबांना अंतर देणार नाही. नाही आला. बहिणीकडे लक्ष ठेवीन, म्हणाला, तरी नाही. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्यांना अशा वेळी धीर दिला होता, काय बोलायचं ते सुचवलं होतं. त्या दिवशी त्यांनाच काही सुचत नव्हतं. ऊन वर आलं. शेवटी ते पुढे गेले, शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी उचलली नाही, आणि पिंडाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "तुझ्या मगांना मी कुणाला तोंड लावू देणार नाही. माझा शब्द." कावळा उतरला. सगळ्यांनी श्वास सोडला. बाबा तिथेच पायरीवर बसले आणि रडले, आणि घरी येताना त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान होतं, की बायकोच्या मनातलं आपल्याला अखेर ओळखता आलं.

आता सांग, या शब्दापुढे मी काय करू? परवापासून मी सगळं करून पाहिलं. बाजारातून कान असलेला स्टीलचा मग आणला, त्याला कान एकच, आणि एका हातात तो पेल्याइतकाच सांडतो. दोन कानांचा शोधत सगळा चौक हिंडले, दुकानदार म्हणाला, दीदी, ऐसा कौन पीता है. बाबांनी काल दिवसभरात जे घेतलं ते एका पुरव्यातही मावलं असतं. संध्याकाळी आचमनाला बसले तर पळीतलं पाणी तळहातावर पोचायच्या आत सांडलं, आणि त्यांनी ते पाहिलं, आणि मी पाहिलेलं पाहिलं. मला भीती वाटते, आई. बाबांशिवाय हे घर माझ्या अंगावर येईल.

म्हणून आज सकाळी मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं, "बाबा, त्या दिवशी घाटावर मीही आईला शब्द दिला होता. मनातल्या मनात."

"काय दिलास?"

"की एक दिवस तिच्या बेडकाच्या मगातून मी तुम्हाला चहा पाजीन."

बाबा उठून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत जुना शास्त्री जागा झाला. "माझ्या आधी की नंतर?"

"बरोबरच."

"बरोबर म्हणजे? तोंडातून शब्द निघाला तेव्हा, की वाकलो तेव्हा?"

"वाकलात तेव्हा."

"कावळा कुठून आला? माझ्या बाजूनं की तुझ्या?"

"माझ्या बाजूनं आला, बाबा. माझ्या डोक्यावरून."

छताकडे बघत ते मनात पोथ्या चाळायला लागले. ओठ हलत होते. शेवटी म्हणाले, "दोन शब्द एकमेकांच्या आड आले तर कुठला धरायचा ते देणाऱ्यांनी नाही ठरवायचं. ज्याला दिले त्यानं ठरवायचं. तिला विचार."

"कसं विचारू?"

"पोरीनं आईला कसं विचारायचं, ते आता मी शिकवू?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

म्हणून मी हा कागद घेऊन बसले. इथवर लिहून तुला विचारलं, आई, पिऊ देऊ का? आणि थांबले. खिडकीतून कुणाच्या तरी गच्चीवरचे कपडे हलताना दिसत होते, खालून गायीच्या गळ्यातली घंटा, लांबून नदीवरच्या मोटरबोटीचा आवाज. टेबलावर डोकं ठेवलं आणि डोळा लागला. तू नावेत होतीस. मांडीवर मग होता, ऊन होतं. मी तुला तेच विचारलं. तू ऐकलंस की नाही कोण जाणे, तू मग पाण्यात बुडवत होतीस, कलता करत होतीस, परत बुडवत होतीस. स्वप्नातही तू आपल्या कामात होतीस. जागी झाले तेव्हा कागदाची घडी गालावर उमटली होती.

मी बाबांकडे जाऊन सांगितलं, "विचारलं. हो म्हणाली."

त्यांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "गंगेत घालून आण," म्हणाले.

भर दुपारी मी मुन्शी घाटावर गेले. पायऱ्या तापल्या होत्या, चपला काढवत नव्हत्या. खालच्या पायरीवर बसून मग बुडवला, कलता केला. आधी डोळे आले, नंतर पाठ. "आला बघ," असं मी मोठ्याने म्हटलं, तर शेजारी कपडे धुणारी बाई वळून बघायला लागली. घरी येऊन घासून धुतला, चहा केला, जरा निववला, काठोकाठ नव्हे पण चांगला भरून बाबांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही कान धरले. डावा हात एकीकडे थरथरत होता, उजवा दुसरीकडे, आणि मधे तो मग दोघांच्या भांडणात अडकल्यासारखा जरा हलला आणि ठरला. ओठांपर्यंत पोचला. एक थेंब सांडला नाही, आई. बाबा डोळे मिटून पीत राहिले, मी त्यांच्या गळ्याची हालचाल बघत होते. शेवटच्या घोटाला त्यांनी डोळे उघडले आणि मगात पाहिलं. आणि दचकले. अगदी त्या साहेबांच्या पाहुण्यांसारखे.

"हा कोण?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यांनी तुझ्या मगांच्या आत कधी डोकावूनच पाहिलं नव्हतं. त्या कपाटापासून ते शिवाशिवीच्या अंतरावर राहिले होते.

"आईचा बेडूक," मी म्हटलं. "चहा संपला की वर येतो."

बाबा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसका थांबला तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना. "एवढी मजा," म्हणाले, "एवढी मजा तिनं एकटीनं बघितली?" तुलाही ती नदीच्या पाण्यातच बघता आली, हे मी त्यांना कशाला सांगू? त्यांनी मग माझ्यापुढे धरला. "आणखी ओत. त्याला परत बुडव."

संध्याकाळपर्यंत बेडूक पुष्कळदा बुडाला. पाण्यात, ताकात, नुसत्या साखरेच्या पाण्यात. आता बाबा घोरतायत आणि मग खिडकीत वाळत ठेवलाय.

हा कागद कुठे धाडायचा ते मला माहीत नाही. पूर्वी म्हटलं असतं की गंगेत सोडावा, आता घाटावर कागद-फुलं टाकू नका अशा पाट्या लावल्यात. घडी करून मिशाळ साहेबाच्या मगात ठेवून देते. त्यात काही ओतायचं नाही असं बाबा म्हणाले होते, ठेवायचं नाही असं म्हणाले नव्हते.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी घाटावर मी मनात कसलाही शब्द दिला नव्हता. बाबांनी प्यावं म्हणून ते मी आज सकाळी रचलं. दादा हात जोडून उभा होता, बाबा शब्द शोधत होते, सगळे कावळ्याला ये, ये म्हणत होते. मी एकटी मागे उभी राहून म्हणत होते, आई, इतक्यात जाऊ नकोस.